मंगळापेक्षा टायटन बरा! (माणसाला राहायला नक्की काय काय लागतं?)

नभोवेडा

मंडळी, पृथ्वीबाहेर कुठे राहायचं असा विषय निघाला की दहातले नऊ जण डोळे झाकून मंगळ म्हणतात. माझं मत वेगळं आहे आणि ते मी हट्टाने मांडणार आहे. सूर्यमालेत पृथ्वीनंतर माणसाच्या शरीराला त्यातल्या त्यात कमी छळणारी जमीन शनीच्या टायटन या चंद्रावर आहे.

का ते सांगतो. मंगळावर हवेचा दाब सुमारे ६ मिलिबार. आपल्याकडे समुद्रसपाटीला १०१३. म्हणजे दारातून बाहेर पडायचं तर प्रत्येक वेळी दाबाचा अंतराळपोशाख चढवायचा, आणि तो फाटला की संपलं. टायटनवर दाब पृथ्वीच्या जवळपास दीडपट आहे आणि हवेत ९५ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन. तिथे दाबाचा पोशाख लागत नाही. गरम कपडे आणि तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, झालं. दुसरं म्हणजे किरणोत्सार. मंगळाला ना जाड हवा ना पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र, त्यामुळे वैश्विक किरण थेट डोक्यावर. टायटनची हवा इतकी जाड आहे की जमिनीपर्यंत जवळपास काही पोचत नाही. शिवाय पाण्याचा बर्फ मुबलक, आणि मिथेनची तर तळी भरलेली आहेत.

राहता राहिली थंडी. उणे १७९ अंश सेल्सिअस. पण थंडीवर उपाय असतो, पोकळीवर नसतो.

तर माझा प्रश्न: तापमान, हवा, दाब, पाणी, गुरुत्व, किरणोत्सार, माती. यातलं आधी काय लागतं आणि कशावाचून चालवून घेता येईल? तुम्ही क्रम कसा लावाल?

तिरकस

"गरम कपडे आणि मास्क, झालं."

आमच्याकडे पारा १२ वर आला की लोक कानटोपी घालून दूध आणायला जातात. चालू द्या.

गंमतजंमत

जागा धरून ठेवतोय. चहा घेऊन आलोच.

मुक्ता_कॅल्गरी

नभोवेडा, लेख आवडला, पण थंडी तुम्ही फारच स्वस्तात निकालात काढलीत. इथे उणे ३५ ला रात्रभर गाडीला ब्लॉक हीटर लावून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी इंजिन ढिम्म हलत नाही. उणे ३५ आणि उणे १७९ यांत फक्त आकड्याचा फरक नाही. रबर, प्लास्टिक, साधं पोलाद, सगळं त्या तापमानाला काचेसारखं तडकतं. तुमच्या मास्कची नळी वाकवली की मोडली.

आणि ज्या जाड हवेचं तुम्ही कौतुक करताय तीच उष्णता पळवते. टायटनची हवा आपल्या हवेपेक्षा सुमारे चौपट दाट आहे. मंगळावर थंडी आहे, पण हवा इतकी विरळ की अंगातली उष्णता ओढून न्यायला तिथे फारसं कोणी नाही. टायटनवर प्रत्येक झुळूक अंगातून ऊब उपसून नेणार. घराचंही तेच. जमीन पाण्याच्या बर्फाची, त्यावर २० अंशांचं घर ठेवलं आणि खालून नीट उष्णतारोधन केलं नाही तर घर हळूहळू आत खचेल. इथे उत्तरेकडे गोठलेल्या जमिनीवर इमारती खांबांवर उभ्या करतात त्या याच कारणासाठी.

भूलतज्ज्ञ

भूल देणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे दाब आणि ऑक्सिजन हे रोजचे सोबती. नभोवेडांचा दाबाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि सर्वसामान्य चर्चेत तो फार मागे पडतो.

साधारण १९ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब ६३ मिलिबारवर येतो. या दाबाला पाणी ३७ अंशांना, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला उकळतं. याला आर्मस्ट्राँग मर्यादा म्हणतात. (चंद्रावरचा आर्मस्ट्राँग नव्हे, हे वेगळे, अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर.) मंगळावरचा दाब या मर्यादेच्याही दहावा भाग आहे. तिथल्या सगळ्यात खोल हेलास खोऱ्यात उतरलात तरी १२ मिलिबारच्या आसपास.

१९६६ साली ह्यूस्टनला निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. शुद्ध हरपायला १४ सेकंद लागले. नंतर तो सांगत होता, शेवटचं आठवतं ते जिभेवरची लाळ उकळत असल्याचं. लगेच दाब भरला म्हणून वाचला. १९६० मध्ये अमेरिकन हवाई दलाचे जो किटिंजर बलूनमधून ३१ किलोमीटरवर गेले तेव्हा त्यांच्या उजव्या हातमोज्यात दाब भरलाच नाही. हात सुजून निकामी झाला, खाली आल्यावर पूर्ववत झाला.

पण म्हणून पूर्ण एक वातावरण (म्हणजे समुद्रसपाटीइतका) दाब लागतो असंही नाही. फुप्फुसाला कळतो तो फक्त ऑक्सिजनचा वाटा. अपोलो यानात अंतराळात असताना साधारण ०.३४ वातावरण दाबाचा जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन असायचा आणि माणसं ठणठणीत परत आली. एव्हरेस्टच्या माथ्यावर एकूण दाब यापेक्षा थोडासाच कमी असतो, पण त्यात ऑक्सिजन २१ टक्केच, म्हणून तिथे जीव मेटाकुटीला येतो.

नभोवेडा, एक दुरुस्ती. टायटनवर मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन घेऊ नका. दीडपट दाबाला तो तासन्‌तास घेतला तर फुप्फुसं दुखावतात. १४-१५ टक्के ऑक्सिजन पुरेल, बाकी तिथलाच नायट्रोजन, मिथेन गाळून.

माझा क्रम मारण्याच्या वेगानुसार. दाब नसेल तर काही सेकंद. ऑक्सिजन नसेल तर काही मिनिटं. थंडी कपड्यांवर अवलंबून, पण तासांचा हिशोब. मग पाणी, मग अन्न. किरणोत्सार वर्षांनी दिसतो. गुरुत्वाचं खरं बिल कदाचित पुढच्या पिढीच्या हातात पडेल.

गंमतजंमत

डॉक्टर, लाळेचा किस्सा वाचून चहा तसाच ठेवला.

बाकी टायटनच्या बाजूने माझं एक मत. तिथे गुरुत्व आपल्या सातवा हिस्सा आणि हवा चौपट दाट, म्हणजे हाताला पंख बांधून माणूस स्वतःच्या ताकदीने उडू शकतो. मिथेनच्या पावसाचे थेंब आपल्यापेक्षा मोठे आणि पडतात चालण्याच्या वेगाने. छत्री उघडायला भरपूर वेळ. मी जातोय. सातबारा कोणाच्या नावावर आहे तेवढं बघून ठेवा.

तिरकस

१९६७ च्या अंतराळ करारानुसार कोणत्याही देशाला तिथली जमीन आपली म्हणता येत नाही. म्हणजे सातबारा कोरा. तरीही पहिल्या वर्षी बांधावरून भांडण होणार, लिहून ठेवा.

रसायनी

"मिथेनची तळी भरलेली आहेत" हे वाक्य इंधनाच्या अर्थाने लिहिलं असेल तर जरा थांबा. मिथेन जाळायला ऑक्सिजन लागतो आणि टायटनच्या हवेत तो नाही. (तिथे काडी ओढली तर काहीही होणार नाही, आधी काडीच पेटणार नाही.) मग ऑक्सिजन आणायचा कुठून? बर्फ वितळवून पाण्याचं विघटन करून. हिशोब मांडा. एक मोल (रसायनशास्त्रातलं मोजमाप) मिथेन जळताना ८९० किलोज्यूल मिळतात. त्यासाठी लागणारे ऑक्सिजनचे दोन मोल पाण्यातून काढायला चार मोल पाणी फोडावं लागतं, त्याला सुमारे ११४० किलोज्यूल. म्हणजे प्रत्येक शेगडीमागे तोटा, आणि हे यंत्र शंभर टक्के कार्यक्षम धरून. सूर्यप्रकाशही विसरा. शनीपाशी तो पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास, आणि टायटनच्या धुरकट थरातून खाली पोचेपर्यंत त्याचाही थोडाच अंश उरतो. अणुऊर्जा नेल्याशिवाय टायटनवर एक रात्र काढता येणार नाही, आणि तिथली रात्र आपल्या आठ दिवसांची.

दुसरं, नभोवेडांचा ऑक्सिजनचा सिलिंडर. उणे १७९ ला दाबाखालचा ऑक्सिजन द्रव होऊन बसतो. सिलिंडरलाही हीटर लागेल.

तिसरं, गळती. मंगळावर घराला भोक पडलं तर हवा बाहेर जाते. टायटनवर आतबाहेर दाब सारखा ठेवता येतो, त्यामुळे गळती संथ राहील, हा फायदा मान्य. पण तिथली जमीन मिथेनने ओली असू शकते. ह्यूजेन्स यान १४ जानेवारी २००५ ला उतरलं तेव्हा त्याच्या उष्णतेने जमिनीतून मिथेनची वाफ निघालेली उपकरणांनी टिपली. तो चिखल बुटाला लावून तुम्ही ऑक्सिजन असलेल्या गरम खोलीत आलात तर काय होईल ते मी सांगायला नको.

तिरकस

थोडक्यात, गॅस फुकट आणि लायटर परवडत नाही.

नभोवेडा

रसायनी, आकडे बिनतोड आहेत, पण अणुऊर्जा मंगळावरही लागणारच. तिथल्या धुळीच्या वादळांत सौरपट्ट्या झाकल्या जातात, ऑपर्च्युनिटी गाडी २०१८ च्या वादळातच गेली. ऊर्जेचा मुद्दा दोघांच्याही विरोधात मोजा.

किरणोत्साराबद्दल कोणीच बोललं नाही. क्युरिऑसिटी गाडीने मंगळाच्या जमिनीवर दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) मोजले. वर्षाला २४५ च्या घरात. नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी ठरवलेली मर्यादा ६०० आहे. अडीच वर्षांत कोटा संपला, पुढे कायम जमिनीखाली राहा. यालाच वस्ती म्हणायचं?

रसायनी

आणि टायटनपर्यंतच्या प्रवासाचं काय? कॅसिनी यानाला शनीपर्यंत पोचायला जवळपास सात वर्षं लागली. क्युरिऑसिटीने वाटेत दिवसाला १.८ मिलिसिव्हर्ट मोजले होते. सात वर्षांचे साडेचार हजारांवर होतात. टायटनच्या छान जाड हवेत तुमचा रुग्ण पोचेल.

मेहकरचा_बंडू

आमचं लोणार कोणी काढलं नाही अजून म्हणून आलो.

बुलडाण्यातलं लोणार म्हणजे बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं विवर, व्यास १.८ किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीवर बेसाल्टमधली अशी विवरं अगदी मोजकी, आणि मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसाल्टचाच. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आमच्या गावाकडे येऊन दगड गोळा करतात. आम्ही लहानपणापासून त्या काठावर शेळ्या चारल्या बाप्पा, मंगळावर राहायची प्रॅक्टिस आमची झालेली हाय.

आता शेतकरी म्हणून बोलतो. विदर्भातली कापसाची काळी माती बेसाल्टचीच झालेली आहे. मग मंगळावर कापूस का नाही? दगड तोच, पण दगडाची माती व्हायला पाऊस लागला, मुळं लागली, गांडुळं लागली, शेण लागलं, आणि हजारो वर्षं. मंगळावर आहे तो दगडाचा चुरा. त्यात परक्लोरेटचे क्षार अर्धा टक्का वगैरे आहेत, २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडले. ते थायरॉइडला वाईट. पाण्यात विरघळतात, त्यामुळे माती धुऊन घेता येईल, पण तेवढं पाणी कोण देणार? इथे दोन पाळ्यांना पाणी मिळेना.

चंद्राच्या मातीत झाड लावून पाहिलंय अमेरिकेत, २०२२ ला. अपोलोने आणलेली खरीखुरी माती. मोहरीच्या नात्यातलं छोटं रोप उगवलं, पण खुरटं, ताण पडलेलं. म्हणजे उगवणं आणि पिकणं यात फरक हाय.

अनामिका

शुभांशु शुक्ला २०२५ ला अंतराळ स्थानकावर मूग आणि मेथी घेऊन गेले होते ना? मोड आले म्हणे.

गंमतजंमत

म्हणजे उसळीपर्यंतची सोय झाली. फोडणीचं बघा. बिनवजनी अवस्थेत मोहरी तडतडली की कुठे जाईल?

पाणबुड्या

नौदलात पाणबुडीवर बरीच वर्षं काढली, आता रत्नागिरीत निवृत्त. या धाग्यावर हवेविषयी सगळे ऑक्सिजन, ऑक्सिजन करताहेत. बंद डब्यात राहिलेला माणूस आधी कार्बन डायऑक्साइडला घाबरतो. पाण्याखाली असताना ऑक्सिजन संपायच्या खूप आधी उच्छ्वासातला तो वायू साठतो, डोकं जड होतं, माणसं चिडचिडी होतात, साध्या हिशोबात चुका करायला लागतात. आणि चुकतोय हे ज्याचं त्याला कळत नाही. म्हणून तो शोषणारी रसायनं आणि ऑक्सिजन देणाऱ्या मेणबत्त्या ही दोन्ही कोठारं सारखी जपावी लागतात.

आता डॉक्टरांच्या क्रमाबद्दल. माझं गणित उलटं आहे. जे पटकन मारतं त्याचा बंदोबस्त माणसाने कधीच करून ठेवलाय. दाब म्हणजे मजबूत डबा, तो आपल्याला करता येतो. आम्ही त्यात महिनोन्‌महिने राहतो, फक्त आमचा दाब बाहेरून आत आणि मंगळावर आतून बाहेर. जे सावकाश मारतं त्याच्यावर इलाज नाही. गुरुत्व कुठून आणणार? डब्याला पत्रा जाड लावून ते वाढत नाही. म्हणून ग्रह निवडताना मी आधी तेच बघेन जे मला दुरुस्त करता येणार नाही.

नभोवेडा, तुमच्या टायटनचं गुरुत्व आपल्या चंद्राहूनही कमी आहे.

भूलतज्ज्ञ

पाणबुड्या काका, हे वाचून थबकले. मी रुग्णशय्येवरून क्रम लावला, तुम्ही बांधणीच्या बाजूने. वस्तीसाठी तुमचाच क्रम लागू पडतो.

गुरुत्वाबद्दल जी माहिती आहे ती दोनच टोकांची. इथलं पूर्ण गुरुत्व, आणि स्थानकावरची बिनवजनी अवस्था, जिथे कमरेच्या हाडाची घनता व्यायाम नसेल तर महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. मधल्या गुरुत्वात माणूस सर्वात जास्त राहिला तो अपोलो १७ च्या वेळी चंद्रावर, सुमारे ७५ तास. पंचाहत्तर तासांवरून गर्भारपण, बाळाची हाडं, बाळाचं हृदय यांबद्दल कोणी काही सांगत असेल तर तो पुड्या सोडतोय.

शुक्रतारा

मग गुरुत्वच पहिलं असेल तर माझ्या लाडक्या शुक्राला कोणी विचारत का नाही? त्याचं गुरुत्व पृथ्वीच्या ९० टक्के. जमिनीवर ४६५ अंश आणि ९२ पट दाब, तिथे जायचंच नाही. पण ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर दाब पृथ्वीइतका ते निम्मा, आणि तापमान ७५ पासून २७ अंशांपर्यंत उतरतं. शुक्राची हवा कार्बन डायऑक्साइडची, त्यामुळे आपण श्वास घेतो ती साधी हवाच तिथे बलूनमध्ये भरली तर वर तरंगते. राहायची खोली हाच फुगा. सोव्हिएत वेगा मोहिमांनी १९८५ मध्ये तिथे दोन बलून सोडले होते, प्रत्येकाने सुमारे ४६ तास माहिती पाठवली. वर जाड हवा शिल्लक असल्यामुळे किरणोत्सारही आटोक्यात.

रसायनी

ढग सल्फ्युरिक आम्लाचे. पाणी नावापुरतं. लोखंड, सिलिकॉन, काहीही हवं तर ५० किलोमीटर खाली त्या भट्टीत. आणि घरी परत यायचं तर जवळजवळ पृथ्वीवरून सोडावं लागतं तेवढंच मोठं रॉकेट एका तरंगत्या फुग्यावरून सोडायचं. शुभेच्छा.

शुक्रतारा

आम्लाला टेफ्लॉन आहे. बाकी तीन मुद्द्यांवर रात्री येते.

कणाद

उशिरा आलो. एक गोष्ट सुटतेय. "पृथ्वीसारखा ग्रह" म्हणताना आपण आजची पृथ्वी धरतो. पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं. हवेत ऑक्सिजन टिकायला लागला तोच २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि माणसाला श्वास घेता येईल इतका व्हायला आणखी फार काळ गेला. म्हणजे गुरुत्व बरोबर, सूर्यापासून अंतर बरोबर, समुद्र भरलेले, चुंबकीय क्षेत्र जागेवर, आणि तरीही पृथ्वीच्या आयुष्याच्या बहुतेक काळात तुम्ही इथे उतरला असता तर काही मिनिटांत गेला असता. ही हवा ग्रहासोबत आलेली नाही. सूक्ष्म जीवांनी आणि वनस्पतींनी ती केली आणि आजही राखून आहेत.

हे राखणं किती अवघड, त्याचा प्रयोग झालेला आहे. अ‍ॅरिझोनात १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसं बायोस्फिअर २ नावाच्या काचेच्या बंद इमारतीत राहिली. आत तीन एकरांवर शेत, छोटं जंगल, छोटा समुद्र. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून घसरत १४ टक्क्यांपर्यंत आला, माणसांना जिना चढताना धाप लागायला लागली, शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. कारण काय निघालं? सुपीक माती हवी म्हणून भरपूर सेंद्रिय खत घातलं होतं. त्यातले जीवाणू झाडांपेक्षा जोरात ऑक्सिजन खात होते. आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आधी नवं काँक्रीट शोषून घेत होतं, म्हणून हिशोब बराच काळ जुळत नव्हता. परागीभवन करणारे कीटक गेले. मुंग्या आणि झुरळं मजेत.

हे सगळं पूर्ण गुरुत्वात, फुकट सूर्यप्रकाशात, गावापासून गाडीने जाता येईल अशा ठिकाणी.

मेहकरचा_बंडू

कच्चं शेणखत घातलं असेल. कुजवून घालायला पाहिजे होतं.

अनामिका

मग ते "राहण्यायोग्य पट्ट्यातले" परग्रह? ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचे सात ग्रह, के२-१८बी हा ग्रह, बातम्यांत सारखे येतात.

कणाद

त्या पट्ट्याचा अर्थ इतकाच की योग्य हवा असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रव राहू शकेल. माणसाशी त्याचा संबंध लांबचा. चंद्र आपल्यासोबत याच पट्ट्यात आहे, आणि तिथे काय आहे ते ठाऊकच आहे. ट्रॅपिस्ट-१ चाळीस प्रकाशवर्षं दूर. त्यातल्या सगळ्यात आतल्या ग्रहाला हवाच नसावी असं वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवलं, अर्थात तो पट्ट्याच्या आत, ताऱ्याला खेटून आहे. के२-१८बी १२४ प्रकाशवर्षांवर, पृथ्वीच्या आठ-नऊ पट वस्तुमानाचा, आणि तिथल्या कथित जीवखुणांवर तज्ज्ञांत जोरदार वाद आहे. वाद मिटला तरी तिथे पाय टेकायला जमीन असेल याची खात्री नाही.

हिमकण

अंटार्क्टिकावर आपल्या मैत्री केंद्रात एक हिवाळा काढलेला आहे, त्यामुळे हा धागा वाचताना हसूही येतंय.

तिथे काय काय फुकट आहे बघा. श्वासाला हवा, पूर्ण गुरुत्व, पूर्ण दाब, शेजारी प्रियदर्शिनी तळं, त्यात गोडं पाणी. तरीही ते पाणी केंद्रापर्यंत आणणारी पाइपलाइन गोठू न देणं हे रोजचं युद्ध. डिझेल, धान्य, औषधं, खिळे, सगळं जहाजाने उन्हाळ्यात येतं. हिवाळ्यात पंचवीसेक माणसं, आणि ताजी भाजी संपल्यावर कोथिंबिरीची स्वप्नं पडतात. कुणी मुद्दाम राहायला येत नाही. १९७८ मध्ये अर्जेंटिनाच्या एस्पेरान्झा तळावर एमिलिओ पाल्मा नावाचं बाळ जन्मलं, अंटार्क्टिकावरचं पहिलं. तेही देशाचा हक्क दाखवायला आईला विमानाने तिथे नेऊन. त्यानंतरही कायमची गावं काही वसली नाहीत.

डॉक्टरांसाठी एक. आमच्या शेजारच्या रशियन नोव्होलाझारेव्हस्काया केंद्रात १९६१ साली डॉक्टर लिओनिद रोगोझोव्ह यांचं अपेंडिक्स बिघडलं. केंद्रात डॉक्टर ते एकटेच. स्थानिक भूल घेऊन, सहकाऱ्याला आरसा धरायला लावून त्यांनी स्वतःचं ऑपरेशन स्वतः केलं. वाचले, दोन आठवड्यांत कामावर आले.

तुमच्या यादीत मी एक गोष्ट घालेन, मदत किती दूर आहे ती. अंटार्क्टिकावर उन्हाळ्यात विमान उतरतं. मंगळावर जायची सोयीची वेळ २६ महिन्यांतून एकदा येते. टायटनवर तर नुसती हाक पोचायलाच सव्वा तासाच्या आसपास.

भूलतज्ज्ञ

रोगोझोव्ह आम्हाला अजूनही गोष्टीत सांगतात. सुन्न.

तिरकस

म्हणजे आतापर्यंतचा निकाल: टायटनला गुरुत्व नाही, मंगळाला हवा नाही, शुक्राला जमीन नाही, अंटार्क्टिकाला कोथिंबीर नाही.

नभोवेडा

तिरकस, इतक्यात निकाल देऊ नका.

पाणबुड्या काकांची कसोटी मी घेतो: ज्यावर इलाज नाही ते आधी बघायचं. पण मग ती मंगळालाही लावा. मंगळाचं पृथ्वीच्या ०.३८ गुरुत्व चालतं आणि टायटनचं ०.१४ चालत नाही असं कशावरून? डॉक्टर म्हणतात मधलं कोणी मोजलेलंच नाही. मग मंगळवाल्यांना आत्मविश्वास कुठून येतो? माझं म्हणणं आता असं की मंगळासाठी रॉकेटं बांधण्याआधी पृथ्वीभोवती एक फिरतं स्थानक बांधावं, त्यात ०.३८ आणि ०.१४ दोन्ही ठेवावं, आणि उंदरांच्या काही पिढ्या वाढवाव्यात. उत्तर "०.१४ पुरतं" आलं तर टायटन परत शर्यतीत. "०.३८ ही पुरत नाही" आलं तर ग्रहांचा नाद सोडून फिरत्या स्थानकांतच राहायचं, कारण तिथे गुरुत्व हवं तेवढं ठेवता येतं.

ऊर्जेचा रसायनींचा आक्षेप उभा आहेच, तो अणुभट्टी घेऊनच सुटणार.

पाणबुड्या

फिरत्या स्थानकाला माझं मत. उंदरांच्या दुसऱ्या पिढीकडे विशेष लक्ष द्या, पहिली कशीही तगते.

मुक्ता_कॅल्गरी

नासाचं ड्रॅगनफ्लाय २०२८ ला निघून २०३४ ला टायटनवर पोचायचं आहे. आठ पंख्यांचं, अणुशक्तीवर चालणारं उडतं यंत्र. ते आतली उपकरणं गरम ठेवायला स्वतःच्याच अणुबॅटरीची वाया जाणारी उष्णता वापरणार. नभोवेडांच्या घराचा नमुना म्हणून त्याकडे बघता येईल.

वाटसरू

नवीन सदस्य आहे. गुरूचे चंद्र कोणी घेतले नाहीत. युरोपावर समुद्र आहे ना बर्फाखाली?

रसायनी

स्वागत. युरोपाच्या पृष्ठभागावर गुरूच्या किरणोत्सार पट्ट्यांतून दिवसाला सुमारे ५.४ सिव्हर्ट मिळतात. मिलि नाही, सिव्हर्ट. एका दिवसात माणूस मरणाच्या दारात. गॅनिमीड बरा, पण बाहेर फिरण्यासारखा नाही. गुरूच्या मोठ्या चंद्रांत सगळ्यात लांबचा कॅलिस्टो, तिथे त्या पट्ट्यांचा त्रास दिवसाला ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास, म्हणून नासाने २००३ मध्ये माणसं पाठवण्याचा आराखडा केला तो कॅलिस्टोसाठी. हवा नाहीच म्हणा, गुरुत्व टायटनहूनही थोडं कमी.

वाटसरू

मग कॅलिस्टोचा वेगळा धागा काढू का?

गंमतजंमत

काढा. मी जागा धरतो.